कोणाचे घड्याळ, कोणाचा हंगाम?

गेल्या उन्हाळ्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासशिबिरात बोलण्याचा योग आला. विषय अर्थातच अर्थशास्त्राचा होता. बोलण्याच्या ओघात दोन आफ्रिकी कादंबऱ्यांचा उल्लेख झाला, तेव्हा मागच्या रांगेतील एका तरुणाने उठून विचारले, "सर, कादंबऱ्या वाचायला आम्हांला वेळ कुठे आहे?" सगळे हसले, मीही हसलो. परंतु परतीच्या प्रवासात एस.टी.त बसल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. ज्या देशांवर परक्यांनी राज्य केले, त्या देशांतील माणसांचा वेळ गेला कुठे, तो कोणी नेला आणि स्वातंत्र्याबरोबर तो परत मिळाला काय, याचाच शोध त्या कादंबऱ्यांनी घेतलेला आहे. शिबिरात त्या तरुण मित्राला जे उत्तर देता आले नाही, ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. अध्यापनाच्या काळात मी वर्षानुवर्षे फळ्यावर एक जिना काढीत असे. वॉल्ट रोस्टो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली आर्थिक वाढीच्या अवस्थांविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्याला 'कम्युनिस्टेतर जाहीरनामा' असे उपशीर्षक दिले. पारंपरिक समाज, उड्डाणाची पूर्वतयारी, उड्डाण, परिपक्वतेकडे वाटचाल आणि शेवटी विपुल उपभोग, अशा पाच पायऱ्या त्याने सांगितल्या. जगातले सर्व देश याच जिन्याने चढतात, कोणी वर पोहोचले आहेत आणि कोणी खाली रेंगाळले आहेत, असा त्याचा आशय. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पहिल्या पायरीवरच्या माणसाचे घड्याळ बंद पडलेले असते का?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तिच्या प्रश्नातले मर्म मला फार उशिरा उमगले. मँचेस्टरचा कारखानदार आणि त्याला कापूस पुरविणारा वऱ्हाडातला शेतकरी हे एकाच वर्षी, एकाच बाजारात, एकाच व्यवहाराची दोन टोके म्हणून जगत होते. तरीही एकाला 'आजचा' आणि दुसऱ्याला 'कालचा' ठरविले गेले. योहानेस फेबियन या मानववंशशास्त्रज्ञाने १९८३ साली आपल्याच शास्त्राचा हा दोष उघड करून दाखविला. ज्याच्याशी आपण आज बोलतो आहोत, त्याला लिहिताना मात्र भूतकाळात ढकलायचे, अशी त्या शास्त्राची रीत होती. कादंबरीकारांनी ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी ओळखली होती.

मजुरीचा महिना

काळ मोजण्याची पद्धत ही एक निरुपद्रवी तांत्रिक बाब आहे, असे आपण सहज समजून चालतो. मजुरीचा प्रश्न आला की मात्र ती निरुपद्रवी राहत नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील नाताल वसाहतीत गोऱ्या मालकांकडे कामाला येणारे झुलू मजूर आपला महिना चंद्रावरून मोजीत. चंद्र संपला की महिना भरला, आता पैसे द्या, असे त्यांचे म्हणणे. मालकाचा महिना छापील कॅलेंडरचा. चांद्रमासाची बारा आवर्तने सुमारे ३५४ दिवसांत पुरी होतात आणि कॅलेंडरचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. म्हणजे वर्षाकाठी अकरा दिवसांच्या श्रमाचा हा तंटा होता. केलेत्सो अ‍ॅटकिन्स या इतिहासकार बाईंनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तंट्याची तपशीलवार हकीकत दिली आहे. मालकांनी तिला काळ्या माणसाचे अज्ञान म्हटले. मजुराचा हिशेब मात्र पक्का होता.

केनियात हेच काम झोपडी-कराने केले. कर रोखीने आणि सरकारने ठरविलेल्या मुदतीत भरायचा, तर रोख मिळविण्यासाठी मळ्यावर मजुरीला गेले पाहिजे. पेरणी-कापणीच्या वेळा पाहून आपले वर्ष आखणारा माणूस अशा रीतीने वसुलीच्या तारखेला बांधला गेला.

आपल्याकडेही हा झगडा झाला आहे. १९०६ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानसाठी एक प्रमाणवेळ ठरविली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांतला कामाचा दिवस आधीच लांबला होता. त्यात हे नवे घड्याळ आले आणि गिरणी कामगारांनीही त्याविरुद्ध निदर्शने केली. मुंबईच्या महानगरपालिकेने तर जुनी 'मुंबई वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकवून धरली होती. इंग्लंडमधील कामगारांवर कारखान्याच्या घड्याळाची शिस्त कशी लादली गेली, हे ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले. वसाहतींत त्या शिस्तीला परक्या राजसत्तेची जोड मिळाली, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

कंद मोजणारा पुजारी

आता त्या पहिल्या कादंबरीकडे वळू. नायजेरियाचे चिनुआ अचेबे (१९३०-२०१३) यांची 'अ‍ॅरो ऑफ गॉड' ही कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. 'थिंग्ज फॉल अपार्ट' या त्यांच्या १९५८ सालच्या कादंबरीला अधिक कीर्ती लाभली. मला मात्र काळाच्या प्रश्नावर ही दुसरीच अधिक खोल वाटते.

उमुआरो ही सहा गावे. गुलामांच्या व्यापारासाठी धाडी घालणाऱ्यांपासून बचाव व्हावा म्हणून ती पूर्वी एकत्र आली आणि सर्वांनी मिळून उलू नावाचा देव निर्माण केला. हा देव लोकांनी संरक्षणासाठी घडविला आहे, ही गोष्ट कथेत महत्त्वाची आहे. एझेउलू हा त्याचा मुख्य पुजारी. नवा चंद्र दिसला की तो लोखंडी घंटा वाजवितो आणि जपून ठेवलेल्या पवित्र कंदांपैकी एक भाजून खातो. हा याम नावाचा कंद आपल्या कोकणातील कोनफळाच्या कुळातला. तेथे तो मुख्य अन्न आहे. एकच पवित्र कंद शिल्लक राहिला, की पुजारी नव्या कंदांच्या सणाचा दिवस जाहीर करतो. सण झाल्याखेरीज शेतातले पीक काढायचे नाही, असा दंडक. त्याच सणात प्रत्येक कर्ता पुरुष एकेक कंद देवळात आणून ठेवतो आणि त्यावरून गावांची गणती होते. पंचांग, खानेसुमारी आणि पीक काढण्याची परवानगी असे सगळे एका माणसाच्या ओसरीवरील कंदांच्या राशीत सामावलेले आहे.

या व्यवस्थेत गोऱ्या साहेबाचा हुकूम येऊन आदळतो. काळ १९२० च्या दशकाचा आहे. जिल्ह्याचा अधिकारी विंटरबॉटम याला वरिष्ठांच्या धोरणानुसार एक सरकारी 'प्रमुख' नेमायचा आहे आणि त्यासाठी तो एझेउलूला ओकपेरी येथील ठाण्यावर बोलावतो. पुजाऱ्याने गाव सोडायचे नाही, असा रिवाज. तरी तो जातो. उलूखेरीज आपण कोणाचेही प्रमुख होणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो आणि या उद्धटपणाबद्दल त्याला डांबून ठेवले जाते. या मुदतीत दोन चंद्र उगवतात. एझेउलू कैदेत असल्यामुळे ते दोन कंद खाल्लेच जात नाहीत. सरकारी कचेरीच्या लेखी ते काही आठवडे म्हणजे फायलीवरची एक नोंद. उमुआरोचे संबंध वर्ष त्यात मोडून पडते, आणि ज्या अधिकाऱ्याने ते मोडले त्याला याचा पत्ताही नाही. वसाहतवादाने केलेल्या नुकसानीचे इतके नेमके चित्र मला अर्थशास्त्राच्या एकाही ग्रंथात आढळलेले नाही.

कथा येथे संपली असती, तर ती केवळ परकीयांविरुद्धची तक्रार झाली असती. अचेबे पुढे जातात. पीक तयार होते. सणाचा दिवस जाहीर होत नाही. गावचे मानकरी एझेउलूकडे येतात. तो सांगतो की, एकच कंद उरला म्हणजे मी दिवस सांगू शकतो. आज माझ्याजवळ तीन आहेत. ते विनवितात की, उरलेले कंद खाऊन टाका, पाप आमच्या माथी. तो मानत नाही. देवाची आज्ञा आणि स्वतःचा राग यांची त्याच्या मनात अशी सरमिसळ झालेली आहे की, कोणते काय हे त्यालाही उलगडत नाही. आपल्या अपमानाच्या प्रसंगी गावाने आपल्याला एकटे सोडले, हे शल्य त्याला बोचते आहे. हिशेब मात्र चोख आहे. चंद्र न चुकता मोजले जात आहेत आणि जमिनीत पीक सडते आहे.

मग चर्चचा उपदेशक पुढे येतो. आपला कंद चर्चमध्ये आणून वाहा, खुशाल पीक काढा, उलू तुमचे काही वाकडे करणार नाही, असे तो सांगतो. उपाशी माणसाला आणखी काय हवे? एझेउलूचा लाडका मुलगा ओबिका अचानक मरतो, पुजाऱ्याचे मन ढळते आणि त्या वर्षीचे पीक नव्या देवाच्या नावाने घरी येते. धर्मांतराची चर्चा आपल्याकडे प्रलोभन आणि बळजबरी या दोन शब्दांत गुंडाळली जाते, त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. लोक एका पंचांगातून उठून दुसऱ्यात गेले, कारण पहिल्याने त्यांच्या पोटाचा विचार करणे सोडून दिले होते.

सहा वर्षे आणि एक शेत

दुसरी कादंबरी केनियाची. न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांची 'अ ग्रेन ऑफ व्हीट' १९६७ साली आली. सलमान रश्दींचा नायक स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीच्या ठोक्याला मुंबईत जन्माला येतो. तेथे राष्ट्राचे घड्याळ आणि माणसाचे आयुष्य एकदमच सुरू होते. न्गुगींनी याच्या उलट केले आहे. १२ डिसेंबर १९६३ हा केनियाचा स्वातंत्र्यदिन तोंडावर आलेला आहे, झेंडे तयार आहेत, भाषणे ठरत आहेत, आणि गावातील प्रत्येक माणूस मात्र मागे मागे जातो आहे. १९५२ च्या ऑक्टोबरात पुकारलेली आणीबाणी, छावण्या, फितुरी आणि फाशी, यांतून कोणालाच बाहेर पडता येत नाही. कथानकाचे दिवस मोजके आणि आठवणींची वर्षे अनेक, अशी ही रचना आहे. ती शोभेची नाही. ज्यांच्या आयुष्याचा मधला भाग उपटून काढला गेला, त्यांना सरळ रेषेत गोष्ट सांगता येत नाही.

गिकोन्यो हा सुतार सहा वर्षे स्थानबद्धतेत काढून परततो. पत्नी मुंबी हिला दरम्यान दुसऱ्याचे मूल झालेले आहे, आणि तो दुसरा इंग्रजांचा हस्तक आहे. गिकोन्योच्या मनात घड्याळ सहा वर्षांपूर्वी थांबले होते, गावात ते चालूच राहिले. यानंतर न्गुगी जे दाखवितात ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावे. गिकोन्यो सुतारकाम मागे टाकून धान्याच्या व्यापारात शिरतो. हंगामात मका व घेवडा स्वस्तात घ्यायचा, पोती भरून ठेवायची आणि टंचाई पडली की चढ्या भावाने विकायची. ज्याची सहा वर्षे लुटली गेली, तो आता काळच विकायला शिकतो. कारण साठेबाजाचा नफा हा दुसऱ्याच्या भुकेच्या दिवसांचाच नफा असतो. न्गुगी त्याला खलनायक करीत नाहीत. नव्या समाजात वर येण्याचा हाच एक रस्ता मोकळा ठेवला होता, एवढे ते सांगतात.

पुढे गिकोन्यो आणि त्याचे काही सहकारी मिळून इंग्लंडला परत निघालेल्या एका गोऱ्याचे शेत विकत घेऊ पाहतात. कर्जासाठी गिकोन्यो आपल्या खासदाराकडे नैरोबीला जातो. कचेरीला कुलूप आहे आणि दाराशी लोक ताटकळत उभे आहेत. आपला प्रतिनिधी केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नाही. खासदार येतो, गोड बोलतो, पाहतो म्हणतो. आणि काही दिवसांनी कळते की, ते शेत खासदारानेच घेतले. राज्य बदलले तरी ताटकळणे कोणाच्या वाट्याला आणि वेळ ठरविणे कोणाच्या हाती, हे वाटप बदललेले नाही. हे सारे न्गुगींनी स्वातंत्र्याला चार वर्षेही झाली नसताना लिहिले होते.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला समीक्षकांचा. आफ्रिकेचा व आशियाचा काळ चक्राकार, युरोपचा सरळ रेषेतला, आणि या कादंबऱ्यांत त्या दोहोंचा संघर्ष आहे, असे ते म्हणतात. वाक्य सुबक आहे, पण ते कथेला लागू पडत नाही. एझेउलूचा काळ गोल गोल फिरणारा असता, तर दोन चंद्र चुकल्याने काहीच बिघडले नसते. त्याचा काळ एखाद्या मुनीमाच्या वहीइतका काटेकोर आहे. चक्राकार काळाची ही भाषा शेवटी रोस्टोच्या पहिल्या पायरीवरच नेऊन सोडते. फक्त तेथे आता निंदेऐवजी कौतुक होते.

दुसरा आक्षेप आपल्यापैकी काहींचा. परक्यांचे घड्याळ वाईट, तर मग आपला जुना काळ परत आणावा, असे त्यांना वाटते. त्यांनी महात्मा फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या १८५५ सालच्या नाटकाची आठवण ठेवावी. त्यात जोशी पंचांगाच्या आणि ग्रहांच्या नावाने एका कुणबी जोडप्याला नागवितो. काळ सांगण्याचा मक्ता आपल्याकडेही होता आणि तो कोणाविरुद्ध वापरला गेला हे आपण जाणतो. अचेबे यांनी जुन्या जगाविषयी माया बाळगली, परंतु त्याचा हिशेब देताना काही लपविले नाही. आपणही लपवू नये.

अर्जावरील तारीख

मध्यंतरी धरणग्रस्तांच्या एका छोट्या शिष्टमंडळाबरोबर एका सरकारी कचेरीत गेलो होतो. एका वृद्ध गृहस्थांच्या अर्जावर जमीन सोडल्याची तारीख हवी होती. त्यांनी सांगितले, "पोळा झाला अन् चौथ्या दिवशी निघालो. बैलांची झूल तशीच होती." कारकुनाने अर्ज परत केला, तारीख नाही, म्हणून अपूर्ण. बाबा बाकावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "थांबतो. सवय आहे." त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढील रकान्यात बैलांच्या झुलीला जागा नव्हती. कोयनेचे धरण १९६० च्या दशकात पुरे झाले आणि तेथील काही विस्थापितांची मुले-नातवंडे एकविसाव्या शतकातही पुनर्वसनासाठी रस्त्यावर उतरत होती. या देशात गरिबांकडून जी सर्वांत मोठी वसुली होते ती वेळेची, आणि तिची पावती कोणी देत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात ताटकळण्याचे तास मोजलेले नाहीत. मीही आयुष्यभर ते मोजले नाहीत.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. एझेउलू हा लोकांनी आपल्या संरक्षणासाठी उभ्या केलेल्या संस्थेचा प्रामाणिक प्रमुख होता. तो लाचखाऊ नव्हता. परक्या सत्तेने देऊ केलेले पद त्याने नाकारले, तुरुंग भोगला, स्वतःच्या घरातील उपासमारही सोसली. असली माणसे आपल्या परंपरेतही पुष्कळ आहेत आणि आपण त्यांना वंदन करतो. त्याची चूक एवढीच की, त्याने नियमाचा हिशेब बरोबर ठेवला आणि लोकांचा हंगाम जाऊ दिला. लोक दाराशी येऊन 'आता वेळ आली आहे, पाप आमच्या माथी' म्हणत असता, आपण किती वेळा 'अजून परिस्थिती परिपक्व झालेली नाही' असे उत्तर दिले आहे? किती वेळा जुन्या अपमानाचे शल्य तत्त्वाच्या नावाने जपले आहे? आणि मग लोक दुसऱ्या उपदेशकामागे गेले की, ते फसले, भुलले, विकले गेले, असे ठराव आपण संमत केले. त्या ठरावांत आपल्या ओसरीवर उरलेल्या तीन कंदांचा उल्लेख कधीच आला नाही.

शिबिरातल्या त्या मित्राला म्हणूनच सांगावेसे वाटते की, वेळ नाही हे तुझे म्हणणे खरे आहे. तुझी बस, तुझी बैठक, तुझे निवेदन, सगळ्यांच्या वेळा दुसऱ्या कोणी ठरविलेल्या आहेत. तरीही पुढच्या मोर्चाची तारीख ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी कर. ज्यांच्यासाठी मोर्चा आहे, त्यांच्या शेतात त्या आठवड्यात काय उभे आहे, हे त्यांना विचार. आणि कचेरीच्या बाकावर बसून राहण्याची वेळ आली, तर पिशवीत 'अ‍ॅरो ऑफ गॉड' असू दे. ते तास सरकारने घेतलेलेच आहेत. त्यातले थोडे तरी परत घेता येतील.